कॉलेजच्या टीममध्ये आजारी मूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रीडासंघांनी गंभीर आजार असलेल्या मुलांना आपल्यात सामावून घेण्याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे साधारण तीन प्रकारचे: तिथे राहणारे मराठी पालक, तिथल्या कॉलेजांत खेळणारी मुलंमुली, आणि फोनवर आलेला एखादा व्हिडिओ पाहून कुतूहल वाटलेले. वैद्यकीय बाबतीत शेवटचा शब्द अर्थातच मुलाच्या डॉक्टरांचा.

१. हे नक्की काय असतं? आजारी मूल टीममधून खेळतं का?

सामना खेळत नाही, पण टीमचं होतं. एक मूल आणि एक कॉलेज-टीम अशी जोडी जमवली जाते. टीम त्याला रीतसर 'साइन' करते. टेबल मांडलेलं, शेजारी कोच, मागे सगळे खेळाडू, आणि मूल कागदावर सही करतं. नावाजलेल्या खेळाडूची भरती जाहीर व्हावी तसाच थाट असतो. मग त्याला जर्सी मिळते, लॉकर मिळतो, पुष्कळदा कॉलेजच्या संकेतस्थळावर खेळाडूंच्या यादीत नावही लागतं. त्यानंतर मूल सरावाला आणि घरच्या मैदानावरच्या सामन्यांना येतं, आणि खेळाडू त्याच्याकडे जातात. सहीचा दिवस बातमीत दिसतो. खरं काम पुढे असतं, ते प्रश्न ७ मध्ये.

२. याची सुरुवात कुठून झाली?

नेहमी सांगितली जाते ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या महिला लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलून खेळायचा खेळ) संघाची गोष्ट. मेंदूतल्या गाठीवर उपचार घेणाऱ्या जॅकलिन मर्फी या लहान मुलीशी या संघाची मैत्री झाली आणि त्याच २००५च्या हंगामात संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. त्या मैत्रीने मुलीत पडलेला फरक पाहून तिच्या कुटुंबाने 'फ्रेंड्स ऑफ जॅकलिन' ही संस्था काढली. ही संस्था मुख्यतः मेंदूची गाठ आणि इतर कर्करोग असलेल्या मुलांसाठी काम करते. २०११मध्ये बोस्टन परिसरात 'टीम इम्पॅक्ट' सुरू झाली. तिच्याकडे इतर गंभीर आजार आणि अपंगत्व असलेली मुलंही येतात, आणि आज ती देशभरातल्या शेकडो कॉलेजांबरोबर काम करते.

संस्थेशिवाय आपसूक जमलेल्या मैत्रीही आहेत. नेब्रास्का विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉलपटू रेक्स बर्कहेड आणि मेंदूचा कर्करोग असलेला जॅक हॉफमन यांची दोस्ती २०११पासूनची. एप्रिल २०१३मध्ये सात वर्षांच्या जॅकने नेब्रास्काच्या सराव-सामन्यात चेंडू घेऊन ६९ यार्ड पळून टचडाउन (गोलरेषा ओलांडून गुण) केला. तुमच्या फोनवर आलेला व्हिडिओ बहुधा हाच. त्या धावेच्या आधीची दोन वर्षं त्यात दिसत नाहीत.

३. म्हणजे मेक-अ-विशसारखंच ना?

नाही. मेक-अ-विश (सुरुवात १९८०, फिनिक्स) मुलाची एक इच्छा पूर्ण करते. ती पूर्ण झाली की त्यांचं काम झालं, आणि तसं असायला हरकत काहीच नाही. टीमचा कार्यक्रम लांब पल्ल्याचा असतो. टीम इम्पॅक्टमध्ये साधारण दोन वर्षं धरतात. एकाच मुलाला दोन्हींचा लाभ मिळू शकतो.

आयोवा विद्यापीठाची 'वेव्ह' हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. किनिक या त्यांच्या फुटबॉल स्टेडियममध्ये सामन्याचं पहिलं क्वार्टर (पाव भाग) संपलं की सारं स्टेडियम पलीकडच्या मुलांच्या इस्पितळाकडे वळून हात हलवतं आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून मुलं उलट हात हलवतात. ही प्रथा २०१७पासूनची. सुंदर आहे, पण ती एका मुलाशी जोडलेली नाही. तशीच पेन स्टेट विद्यापीठाची थॉन: १९७३पासून विद्यार्थी नाचाची मॅरेथॉन करतात आणि १९७७पासून तिचा निधी बालकर्करोगासाठी जातो. तिथे हेतू निधीचा आहे.

४. आमच्या मुलाचं नाव दिलं तर 'आता आशा नाही' असा अर्थ होईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेकदा आई विचारते. उत्तर ठाम नाही. गंभीर आजार म्हणजे शेवटचा टप्पा नव्हे. अमेरिकेत कर्करोग झालेल्या मुलांपैकी सुमारे ८५ टक्के मुलं निदानानंतर पाच वर्षांनी हयात असतात. मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) उपचारच दोन ते अडीच वर्षं चालतात. तो काळ एकटेपणाचा असतो: शाळा बुडते, मित्र विरळ होतात, वाढदिवसांची बोलावणी थांबतात. टीम ही पोकळी भरण्यासाठी आहे. कर्करोगाखेरीज सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार), सिकल सेल (रक्तपेशींचा जन्मजात आजार), जन्मजात हृदयदोष, स्नायूंचे आजार, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलंही अशा टीममध्ये असतात. 'आमचं पुरेसं गंभीर आहे का?' हे तुम्ही ठरवत बसू नका. अर्ज करा, त्यांना ठरवू द्या.

५. अर्ज कोण करतं? पैसे किती लागतात?

पालक स्वतः करू शकतात. इस्पितळातली समाजसेविका किंवा चाइल्ड लाइफ (आजारी मुलांना धीर देणाऱ्या) विभागातली व्यक्तीही नाव सुचवू शकते. टीम इम्पॅक्टमध्ये साधारण ५ ते १६ वर्षांची मुलं घेतात. कुटुंबाकडून पैसे घेत नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेवा: उपचारांचं बिल टीम भरत नाही. आर्थिक मदत हवी असेल तर इस्पितळाच्या समाजसेवा विभागाशी वेगळं बोला. खेळाडूंसमोर तो विषय काढू नका. वीस वर्षांच्या मुलांना 'नाही' म्हणता येत नाही आणि 'हो' म्हणण्याची त्यांची ऐपत नसते.

६. मुलाला फुटबॉल किंवा बास्केटबॉलचीच टीम हवी आहे. मिळेल का?

मिळेलही, पण हट्ट धरू नका. फुटबॉलच्या टीममध्ये शंभरेक खेळाडू असतात. मूल त्या गर्दीत हरवतं आणि शेवटी त्याला दोन-चार जणांचीच नावं ठाऊक असतात. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, जलतरण, लॅक्रॉस या टीम छोट्या, तिथे आठवड्याभरात सगळ्यांना मुलाच्या कुत्र्याचंही नाव पाठ होतं. डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या) कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते आणि टीव्हीचा झगमगाटही कमी असतो. माझं मत विचाराल तर त्या टीम या कामाला सर्वांत योग्य. घरापासून गाडीने सहज जाता येईल असं कॉलेज हवं, ही अट खेळाच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे. दीड तास लांबच्या नामांकित टीमकडे मूल हंगामात दोनदा जाईल, वीस मिनिटांवरच्या टीमकडे दर आठवड्याला.

७. साइन झाल्यावर नेमकं करायचं काय? (खेळाडू आणि पालक, दोघांकडूनही)

पहिली गोष्ट, मुलाला काम द्या. नुसतं बसवून ठेवलं की तो पाहुणा होतो. पाण्याच्या बाटल्या भरणं, शिटी वाजवून सराव सुरू करणं, गुणांची नोंद, वॉर्म-अपची गाणी निवडणं, सामन्याआधीच्या रिंगणात शेवटची घोषणा देणं. काम खरं असावं. तो आला नाही तर अडलं पाहिजे, निदान जाणवलं तरी पाहिजे.

दुसरी, त्याच्याशी आजाराबद्दल बोलायची घाई करू नका. मोठी माणसं त्याला दिवसभर 'कसं वाटतंय?' हेच विचारत असतात. खेळाडूने व्हिडिओ गेममध्ये हरवलं आणि वर चिडवलं, हे त्याला जास्त आवडतं. मुद्दाम हरू नका. मुलांना ते लगेच कळतं.

तिसरी, मूल चिडचिड करेल तेव्हा मनाला लावून घेऊ नका. ल्युकेमियाच्या उपचारांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं देतात. त्यांनी चेहरा सुजतो, भूक भडकते, मूड सेकंदात पालटतो. गेल्या आठवड्यात गळ्यात पडलेलं मूल आज तोंडही दाखवत नाही, तेव्हा तो औषधाचा आठवडा असू शकतो. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने पायांच्या नसांवर परिणाम होतो, धावताना पाऊल अडखळतं. कोणी ढकललं नसतानाही मूल पडलं तर हसू नका आणि धावत जाऊन उचलूही नका. हात पुढे करा.

चौथी, इस्पितळाच्या दिवसांत हजर राहा. तीसजणांनी जाऊन खोली भरायची नाही, दोघे पुरेत. जाता येत नसेल तर लॉकर रूममधून व्हिडिओ कॉल करा. २०२०च्या साथीत कित्येक टीमनी सगळा हंगाम असाच निभावला.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड: जमणार नाही असा शब्द देऊ नका. 'पुढच्या शनिवारी येतो' म्हणालात तर या. हंगामात डिव्हिजन वनच्या (सर्वांत वरच्या श्रेणीतल्या) खेळाडूला खेळासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, प्रवास आणि अभ्यास वेगळे. वेळ खरोखर कमी असतो. म्हणून थोडं कबूल करा. पंधरा दिवसांतून एकदा, पण न चुकता. मूल त्या दिवसाकडे डोळे लावून बसलेलं असतं आणि 'प्रॅक्टिस लांबली' हे कारण घरी आईने त्याला सांगायचं असतं.

८. केमो चालू आहे. गर्दीत, खेळाडूंमध्ये नेणं सुरक्षित आहे का?

रक्तपेशींच्या काउंटवर अवलंबून आहे. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली असतील तर बहुतेक डॉक्टर गर्दी टाळायला सांगतात. आकडा सुधारला की उघड्या मैदानातला सराव चालू शकतो, भरलेलं बंदिस्त जिम मात्र चालत नाही. टीमने पाळायचे नियम साधे आहेत: सर्दी, खोकला, उलट्या किंवा ताप असलेल्या खेळाडूने जवळ यायचं नाही, 'थोडंसंच आहे' हे चालत नाही. सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी. हात धुवावेत. टीममध्ये कोणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी कुटुंबाला फोन करा, कारण पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून तो माणूस लागण पसरवत असतो आणि डॉक्टरांना उपाय करायला मोजकेच दिवस मिळतात.

मुलाला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) ताप आला तर ती तातडीची बाब आहे. सामना सोडून निघायचं. कोणीही आपल्या मनाने पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचा नाही. प्लेटलेट कमी असताना किंवा छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली ठेवलेलं छोटं उपकरण) बसवलेला असताना लुटुपुटूचं टॅकलसुद्धा नको.

९. कर्करोग नाही, दुसरा आजार आहे. तेव्हा काय वेगळं?

बरंच काही. सिकल सेलमध्ये थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. नोव्हेंबरमधल्या फुटबॉल सामन्याला अशा मुलाला आत, काचेमागे बसवा आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवा. अपस्मार असेल तर झगमगणाऱ्या दिव्यांबद्दल आधी विचारा. अपस्मार असलेल्यांपैकी थोड्यांनाच, सुमारे ३ टक्क्यांना, प्रकाशाने झटका येतो, म्हणून सरसकट घाबरून मुलाला वगळू नका. बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या ओळखीच्या वेळी दिवे घालवून जो प्रकार करतात तेवढा टाळला की पुष्कळदा भागतं.

सिस्टिक फायब्रोसिसचा अपवाद कोणाच्या लक्षात येत नाही. हा आजार असलेल्या दोन व्यक्तींनी एकमेकांपासून किमान सहा फूट अंतर राखायचं असतं, कारण त्यांच्या फुप्फुसांतले जंतू एकमेकांना लागू शकतात. म्हणून 'दोघांना एकच आजार, दोघांची ओळख करून देऊ' हा प्रेमळ विचार इथे घातक आहे. एका कॉलेजच्या दोन टीमकडे अशी दोन मुलं असतील तर त्यांचे कार्यक्रम वेगळे ठेवा.

व्हीलचेअर असेल तर स्टेडियममध्ये जागा असणं १९९०च्या अपंगत्वविषयक कायद्याने बंधनकारक आहे. लॉकर रूमचा जिना आणि टीमची बस मात्र आधी स्वतः जाऊन पाहून या.

१०. टीमला मुलाच्या आजाराबद्दल किती सांगावं?

सुरक्षेसाठी लागतं तेवढं सगळं, बाकी मुलाला विचारून. एक गैरसमज दूर करायला हवा: १९९६चा हिपा हा आरोग्यमाहितीच्या गुप्ततेचा कायदा इस्पितळ, डॉक्टर आणि विमा कंपन्यांना बांधतो. खेळाडूंना तो लागू नाही. तुम्ही खेळाडूला जे सांगाल ते त्याने पुढे सांगितलं तर हिपा आड येणार नाही. म्हणून कोणती माहिती कोणाजवळ राहील हे सुरुवातीलाच कोच आणि संस्थेच्या व्यक्तीसमोर ठरवून घ्या.

११. टीमला मुलाचे फोटो टाकायचे आहेत. द्यावी का परवानगी?

लेखी परवानगी पालकांची, पण होकार मुलाचाही हवा. केस गेलेल्या काळातला फोटो दहा वर्षांनी त्याच्या वर्गमित्रांना सापडेल, हे आठ वर्षांच्या मुलाला कळत नाही. तुम्हाला कळतं.

इथे थोडं परखड बोलतो. ऑस्ट्रेलियाच्या अपंगहक्क कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी २०१४च्या आपल्या भाषणात एक मुद्दा मांडला होता: धडधाकट लोकांना बरं वाटावं म्हणून अपंग माणसाला 'प्रेरणा' बनवून मिरवणं हा त्याचा वस्तूसारखा वापर आहे. टीमने पोस्ट लिहिताना स्वतःला विचारावं की यात मूल दिसतंय की आपला चांगुलपणा. 'याच्यापुढे आमच्या अडचणी काहीच नाहीत' हे वाक्य मूलही वाचतं. त्याने वॉर्म-अपला निवडलेलं भयंकर गाणं पोस्ट करा, ते जास्त बरं. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवता येतात, तेव्हा प्रायोजकाच्या पोस्टमध्ये मूल नको, हेही लिहून घ्या.

१२. खेळाडू आणि मूल परस्पर मेसेज करू शकतात का?

पालक असलेल्या ग्रुपवर, हो. एकास एक खाजगी संदेश, बंद खोलीत दोघांनीच भेटणं, एकट्याने गाडीतून नेणं, हे नको. खेळाडूवर संशय म्हणून नव्हे. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणालाच अवघड होत नाही.

१३. धाकट्या बहिणीलाही यायचं असतं. ती आजारी नाही.

आणाच तिला. भावंडांची दोन वर्षं शेजाऱ्यांच्या घरी आणि इस्पितळाच्या बाहेरच्या खुर्चीवर जातात. फ्रेंड्स ऑफ जॅकलिनचा भावंडांसाठी वेगळा उपक्रमही आहे. दुसरी टीम मिळत नसेल तर याच टीममधली एखादी खेळाडू मुद्दाम तिच्या वाट्याला द्या, आणि आजीआजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही एकदा सरावाला घेऊन जा. नातवाला लोक काय नावाने हाक मारतात हे त्यांनी ऐकावं.

१४. मुलगा आता नववीत जाईल. कोच म्हणाले, नियम तपासावे लागतील. असं का?

कोच बरोबर सांगताहेत. कॉलेज-खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमांत नववीचे वर्ग सुरू झाले की विद्यार्थी 'संभाव्य खेळाडू' धरला जातो, आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये तर सातवीपासूनच. संभाव्य खेळाडूला भेटवस्तू, फुकट प्रवास, कोचशी संपर्क यांवर बंधनं येतात. व्हीलचेअरवरच्या मुलाला हा नियम लावणं हास्यास्पद वाटेल, पण तो भरतीतली लबाडी रोखायला केलेला आहे आणि त्याला मुलाचा आजार दिसत नाही. उपाय: कोचने कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) ऑफिसला आधी लेखी विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं. जर्सीपासून जेवणापर्यंत सगळं त्यात विचारून घ्या. अनौपचारिक मैत्रीत, म्हणजे मधे संस्था नसताना, हा प्रश्न जास्त अडतो.

१५. मी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर टेनिस खेळते. मला भाग घेता येईल?

टीमबरोबर विनामोबदला भाग घेणं म्हणजे नोकरी नव्हे, तेव्हा सर्वसाधारणपणे अडचण नसते. पैसे किंवा जाहिरात आली की प्रश्न व्हिसाचा होतो. मग आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

१६. मुलाचा सर्वांत लाडका खेळाडू दुसऱ्या कॉलेजात चालला आहे. आता?

२०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद) आल्यापासून हे सारखं घडतं. शिवाय चौथ्या वर्षाचे खेळाडू दर उन्हाळ्यात जाणारच. मुलाला बातमी इंटरनेटवरून कळू देऊ नका. खेळाडूने स्वतः, शक्यतो घरी येऊन सांगावं आणि पुढे संपर्क किती ठेवणार हेही खरं सांगावं. टीमने सुरुवातीपासून वेगवेगळ्या वर्षांतले तीन-चार खेळाडू मुलाच्या जवळचे ठेवले तर एकाच्या जाण्याने घर रिकामं होत नाही. कोच बदलला तर मात्र नव्या कोचवर काहीच गृहीत धरू नका. संस्थेच्या व्यक्तीने पहिल्याच महिन्यात त्यांना भेटावं.

१७. उपचार संपले, मूल बरं झालं. टीम सोडावी लागते का?

लगेच नाही. उलट उपचार संपल्यावरचा काळ फसवा असतो. घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं आणि मूल मात्र मागे पडलेल्या अभ्यासात, बदललेल्या वर्गात, तपासणीच्या धास्तीत असतं. ठरलेली मुदत पूर्ण करा. मुदत संपल्यावर टीमने निरोपाचा रीतसर कार्यक्रम करावा, म्हणजे आपल्याला काढून टाकलं असं मुलाला वाटत नाही.

१८. आणि मूल गेलं तर?

होतं असं. मिशिगन स्टेटचा बास्केटबॉलपटू एड्रियन पेन आणि न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग असलेली लेसी होल्सवर्थ यांची मैत्री देशाने पाहिली. मार्च २०१४मध्ये शेवटच्या घरच्या सामन्याला तो तिला कडेवर घेऊन मैदानात आला, आणि एप्रिलमध्ये ती गेली. आठ वर्षांची होती.

टीमसाठी: बातमी कोचने सगळ्यांना एकत्र बसवून सांगावी, ग्रुपवरच्या संदेशातून नको. कित्येक खेळाडूंच्या आयुष्यातला हा पहिलाच मृत्यू असतो. कॉलेजचा समुपदेशक त्या दिवशीच बोलवा, 'लागला तर सांगा' असं नको. अंत्यविधीला जावं का, जर्सी घालून जावं का, हे कुटुंबाला विचारा. लॉकर कुटुंबाला न विचारता रिकामा करू नका. सर्वांत जास्त राहून जातं ते नंतरचं: तीन महिन्यांनी फोन करणं. पालकांना मुलाचं नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं. आणि जागा भरायची म्हणून पुढच्याच महिन्यात दुसरं मूल साइन करू नका.

१९. मुलालाच आता जायचं नाही. टीमला काय सांगू?

खरं ते सांगा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना 'आजारी मुलगा' म्हणून ओळखलं जाणं नकोसं होतं, कधी खेळच आवडेनासा होतो, कधी एखाद्या प्रसंगाने दुखावलेलं असतं. शेवटचं कारण असेल तर संस्थेच्या व्यक्तीला आधी कळवा (प्रश्न १२मधले नियम मोडले गेले असतील तर त्याच दिवशी). नाहीतर आधी महिनाभर सुट्टी मागा, जर्सी वगैरे परत करायची गरज नसते. टीमने इतकं केलं म्हणून भिडेखातर मुलाला ओढत नेऊ नका. सुट्टीनंतरही नको म्हणालं तर दोन ओळींचा ईमेल पुरतो. मुलाची इच्छा असेल तर खाली त्याची सही.